पिंपावर बसलेल्या आत्या

आमच्या टोंगन बायकांना ‘तुझा नवरा कामचुकार आहे’ असं म्हटलेलं एक वेळ चालतं. त्या हसतात, मान डोलावतात, वर दोन किस्सेही सांगतात. पण ‘तुझ्या पिंपात काय आहे’ असं विचारलेलं मुळीच चालत नाही. आणि नेमकं तेच विचारायचा मला पगार मिळतो.

मी हुलिता. ऑकलंडमधल्या ओटाहुहूहून टोंगाला पिंपं पाठवणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे मी धोकादायक माल तपासनीस आहे. हुद्दा ऐकून लोकांना वाटतं, मी बॉम्ब निकामी करते. प्रत्यक्षात मी दिवसभर बायकांच्या परकरांखालून ब्लीचच्या बाटल्या उपसते.

परकरांचं सांगायला हवं, कारण माझी नोकरीच त्यांच्यामुळे लागली. माझ्याआधी हे काम सेमिसी करायचा. सेमिसी माझा आतेभाऊ. आता आमच्यात चुलत, मावस, आते, मामे असा भेद नसतो, सगळे सख्खेच. आणि सख्ख्या भावाबहिणीत इतकी अदब की बहिणीचे आतले कपडे भावाच्या नजरेसही पडता कामा नयेत. ओटाहुहूतल्या निम्म्या बायका सेमिसीच्या कुठल्या ना कुठल्या नात्यानं बहिणी लागतात. त्यांना ही युक्ती सुचायला किती वेळ लागणार? पिंप भरून झालं की सगळ्यात वर एक थर आतल्या कपड्यांचा. सेमिसी झाकण उघडायचा, लालबुंद व्हायचा, झाकण लावायचा आणि वर ‘तपासले’ असं स्टिकर चिकटवायचा. दोन वर्षं आमच्या कंपनीतून एकही धोकादायक वस्तू गेली नाही. तसं प्रमाणपत्र होतं, चौकटीत बसवून भिंतीवर लावलेलं.

मग मागच्या नाताळात टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या धक्क्यावर आमच्या कंटेनरमधून धूर निघाला. एका माउलीनं गावच्या पाण्याच्या टाकीसाठी क्लोरीनची पावडर पाठवली होती, आणि तिच्या शेजारीच खाण्याच्या तेलाचा कॅन. कॅन फुटला. क्लोरीनला तेल भेटलं की काय होतं ते मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात चित्रासह शिकवलं आहे. त्या माउलीला कुणी शिकवलं नव्हतं. अकरा पिंपं जळाली. त्यात पोरांचे शाळेचे गणवेश होते, गोधड्या होत्या आणि एका नवरीचा झगा होता. माणसाला इजा झाली नाही, हे नशीब. जहाज कंपनीनं पत्र धाडलं: पुन्हा असं काही सापडलं, तर तुमचा एकही कंटेनर आम्ही चढवणार नाही.

आमचा मालक ग्रॅहम. पालांगी आहे, म्हणजे गोरा, पण मनानं वाईट नाही. त्यानं रात्रभर विचार करून दोन निर्णय घेतले. सेमिसीला फोर्कलिफ्टवर बसवलं आणि त्याच्या जागी मला घेतलं. माझी पात्रता एकच, मी बाई आहे.

ग्रॅहम विक्री विभागाचा प्रमुख आहे आणि सुरक्षा विभागाचाही. एकाच डोक्यात दोन खाती, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. गोदामाच्या दारावर त्यानं या वर्षी दहा फुटी फलक लावला: ‘नाताळ स्पेशल! मावेल तेवढं भरा, काहीही भरा, आम्ही पोहोचवू!’ त्याखाली, मांजराला वाचता येईल एवढ्या उंचीवर, एक कागद: काय काय भरू नये त्याची यादी. एवढ्यावर थांबला असता तर मी काही बोलले नसते. पण विक्री वाढावी म्हणून त्यानं प्रत्येक रिकाम्या पिंपासोबत एक भेटवस्तू फुकट दिली. कंपनीचं नाव छापलेला लाइटर. गॅसचा.

“ग्रॅहम,” मी म्हटलं, “बायका हा लाइटर पिंपातच टाकणार.”

“मग टाकू दे की! तिकडेही आपली जाहिरात होईल.”

“लाइटर हा धोकादायक माल आहे. यादीत पहिल्याच ओळीत आहे.”

त्यानं यादी बघितली. बराच वेळ बघितली. “पण यावर आपलं नाव आहे,” तो म्हणाला.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. अख्खा नोव्हेंबर मी पिंपांमधून आमच्याच कंपनीचे लाइटर वेचून काढत होते.

पिंपासोबत एक फॉर्म असतो. पाच प्रश्न. गॅस आहे का? पेट घेणारं द्रव आहे का? ब्लीच, क्लोरीन, ॲसिड? बॅटरी? फटाके? प्रत्येकापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. आमच्या चर्चच्या चिटणीस बाईंना लोकांची फार कळकळ. रांगेत म्हाताऱ्या माणसांचा खोळंबा नको म्हणून त्यांनी एक फॉर्म घेतला, त्यावर पाचही ‘नाही’वर टिका मारल्या आणि तीनशे झेरॉक्स काढून रविवारी प्रार्थनेनंतर वाटल्या. फक्त नाव लिहायचं बाकी ठेवलं. मी त्यांना जाब विचारायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, सगळ्यांचं उत्तर एकच असतं. वेळ वाचतो.”

त्या खोटं बोलत नव्हत्या, हेच तर अवघड आहे. आमच्याकडे पिंप म्हणजे सामान नव्हे. वर्षभर दोन-दोन ठिकाणी साफसफाईची कामं करून, सवलतीच्या दिवशी एक-एक डबा घेऊन, खाटेखाली जमवून, शेवटी घरादारानं मिळून भरलेली माया असते ती. त्यावर पाद्रीबाबा हात ठेवून प्रार्थना म्हणतात आणि मग झाकण बसतं. अशा वस्तूला ‘धोकादायक’ म्हणायचं म्हणजे पंगतीत वाढलेल्या पानाला विष म्हणण्यासारखं आहे. शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाच्या पिंपात कॉर्न्ड बीफचे किती डबे आहेत हे सगळ्या रांगेला दिसणं, ही वेगळीच आफत.

मीही त्याच मातीतली. मला कळत नाही असं नाही. दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी टोंगातल्या हापाई बेटावर बाबांना फोन करते. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई गेल्यापासून एकटे. खोकला आहे का? नाही. पाय सुजतो का? नाही. झोप मोडते का? नाही. औषधं संपलीत का? नाही. काही पाठवू का? नाही. मग ते ऑकलंडच्या हवेबद्दल विचारतात, मी पावसाला शिव्या देते, आणि फोन ठेवते. आमच्यात बापाच्या डोक्याला हात लावत नाहीत, त्याच्या ताटातलं उष्टं खात नाहीत आणि त्याला एक प्रश्न दोनदा विचारत नाहीत. मी चांगली मुलगी आहे. एकदाच विचारते.

तर, डिसेंबरचा पहिला शुक्रवार. नाताळाआधीचं शेवटचं जहाज. कंटेनर चार वाजता बंद होणार आणि त्याआधी दोन वाजता जहाज कंपनीचा माणूस तपासणीला येणार. ऊन मी म्हणत होतं. आवारात चाळीसेक बायका आपापल्या निळ्या पिंपांशेजारी, हातात पंखे, डोक्यावर छत्र्या. आणि दीडच्या सुमाराला कालोलाइने आत्या आल्या.

बाबांची थोरली बहीण. टोंगात राजा मोठा, देव त्याहून मोठा, आणि बापाची बहीण या दोघांशीही बरोबरीनं बोलते. भावाच्या पोरांवर तिचा हक्क असतो. माझं नाव आत्यांनीच ठेवलं. माझ्या लग्नातल्या केकचा मानाचा वरचा थर आत्याच घेऊन गेल्या. माझं पहिलं मूल झालं तेव्हा त्याचं नावही त्यांनी मला न विचारता रजिस्टरमध्ये लिहून टाकलं होतं. आत्यांना ‘नाही’ म्हणालेला माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. असला तरी त्याची आठवण ठेवलेली नाही.

त्यांचं पिंप सकाळपासून सेमिसीच्या गाडीत उन्हात उभं होतं. सेमिसी आत्यांचा मुलगा. त्यानं ते फोर्कलिफ्टनं माझ्या टेबलापुढे आणून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून जाऊ लागला. हा माणूस एरवी गप्पा मारायला फोर्कलिफ्ट चालू ठेवून खाली उतरतो. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आत्यांनी झेरॉक्सचा फॉर्म टेबलावर ठेवला. मग दुधाच्या क्रेटवर पाय ठेवून, दोन बायकांच्या खांद्यांचा आधार घेऊन त्या पिंपावर बसल्या. नीट, ऐसपैस, कमरेला आदराची खूण म्हणून गुंडाळलेली चटई सारखी करून.

“आत्या, पिंप उघडायचं आहे,” मी म्हटलं.

“प्रार्थना झालीय.”

“सगळ्यांचीच झालीय, आत्या. पाद्रीबाबांच्या बायकोचं पिंपसुद्धा उघडायचंय.”

“तिचं उघड. तिच्यात उघडून बघण्यासारखं आहे तरी काय?”

रांगेत हशा पिकला. पाद्रीणबाई पंख्यानं जोरजोरात वारा घ्यायला लागल्या.

आता उभ्यानं आत्यांशी वाद घालायचा म्हणजे शोभत नाही. मी फॉर्म घेतला आणि जमिनीवर मांडी घालून त्यांच्या पायाशी बसले. अंगावर नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. कायद्याचा मान आणि आत्याचा मान, दोन्ही राखायचे तर असंच ध्यान दिसतं.

“गॅस आहे का, आत्या?”

“मला की पिंपात?”

“पिंपात.”

“नाही.”

“पेट घेणारं द्रव?”

“नाही.”

“ब्लीच, क्लोरीन?”

“हुलिता, तुझे लंगोट बदललेत मी.”

“नाही लिहू?”

“लिहिलेलंच आहे. वाचता येत नाही का? शाळेची फी कुणी भरली तुझी?”

तेवढ्यात ग्रॅहम मोबाइल घेऊन धावत आला. त्याला सुरक्षा सप्ताहासाठी फोटो हवा होता. जमिनीवर फॉर्म घेऊन बसलेली तपासनीस, समोर पिंपावर बसून शांतपणे उत्तरं देणारी वयस्क ग्राहक. “वा!” तो म्हणाला. “ग्राहकांशी त्यांच्या पातळीवर जाऊन संवाद! हसा!” आत्या राणीसारख्या हसल्या. तो फोटो अजूनही कंपनीच्या कॅलेंडरवर आहे.

मी खाली बसले होते म्हणूनच वास आला. उभी असते तर आला नसता. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. आत्यांनी आयुष्यात नखं रंगवलेली नाहीत. मी पिंपाला हात लावला. एका बाजूनं ते उन्हात तापलं होतं, ते ठीक. पण सावलीतली बाजू त्याहून गरम होती.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणातला दुसरा दिवस मला आठवला: असा वास आणि आतून ऊब, म्हणजे आतलं काहीतरी पेटायच्या बेतात.

“आत्या, उठा.”

“काय म्हणालीस?”

“उठा!”

मी आत्यांच्या दंडाला धरलं आणि खाली ओढलं. चाळीस बायकांनी एकदम श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. आत्या क्रेटवरून उतरल्या की घसरल्या, ते त्यांनाच माहीत. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की त्या क्षणी मी घराण्यातून वजा झाले. मी झाकण काढलं. वरचा थर परकरांचा. तो मी दोन्ही हातांनी आवारात भिरकावून दिला. सेमिसीनं तोंड फिरवलं. त्याखाली टॉवेल, नूडल्स, साबणाच्या वड्या, कॉर्न्ड बीफचे डबे. आणि त्या डब्यांच्या मधोमध, लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळलेली, विजेच्या स्कूटरची जुनी बॅटरी. फुगून उशीसारखी झालेली. तिच्या उघड्या तारांवर एक बीफचा डबा आडवा पडला होता. शेजारी स्टोव्हचे चार गॅसचे डबे. वर आमचा लाइटर, कंपनीच्या शुभेच्छांसह.

सुरक्षा पेटीत लांब चिमटा असायला हवा. तो तीन महिन्यांपूर्वी मागवलेला आहे. मी शुक्रवारच्या बार्बेक्यूचा सॉसेज उलटायचा चिमटा उचलला, बॅटरी दुपट्यासकट पकडली आणि अंगणातल्या वाळूच्या बादलीकडे धावले. त्या बादलीत ग्रॅहमच्या सिगारेटींची थोटकं होती. बॅटरी वाळूत पडली आणि मोठ्यानं फुसफुसली, मग तिच्यातून दाट पांढरा धूर निघाला. मी दुसऱ्या बादलीतली वाळूही ओतली आणि सगळ्यांना लांब केलं. चाळीस बायका एका जागी आणि शांतता, असं मी अंत्ययात्रेतही पाहिलेलं नाही.

मी सेमिसीकडे वळले, कारण आत्यांवर ओरडण्याची अजूनही हिंमत नव्हती.

“ही कुठून आणलीस?”

“गॅरेजातून. मित्राच्या स्कूटरची.” तो बुटांकडे बघत होता. “थोडी फुगली होती. पण चालत होती.”

“दोन वर्षं तपासनीस होतास ना रे तू? दोन वर्षं! बॅटरी फुगली की काय होतं, ठाऊक नाही तुला? समुद्रात पेटली असती तर? हापाईत स्कूटर कोण चालवणार आहे, डुकरं?”

“स्कूटरसाठी नाही ती,” सेमिसी म्हणाला. “मशीनसाठी.”

“कसलं मशीन?”

त्यानं आईकडे पाहिलं. आत्या परकर गोळा करत होत्या. एकेक उचलून, झटकून, घडी घालत. वर न बघता त्या म्हणाल्या, “तुझ्या बापाचं. श्वासाचं. नाकाला नळी लावावी लागते त्याला, रात्री तर हमखास. आणि तिकडे रात्री वीज जाते.”

“कधीपासून?”

“जुलैपासून.”

जुलै ते डिसेंबर. मी मनात रविवार मोजले. वीस झाले.

“मला कुणीच का नाही सांगितलं?”

“त्यानंच सांगितलं, हुलिताला सांगू नका.” आत्यांनी शेवटच्या परकराची घडी घातली. “म्हणाला, पोरगी दर रविवारी विचारते, पण तिला ‘नाही’च ऐकायचं असतं. ‘नाही’ म्हटलं की तिचा आवाज हलका होतो. मग ती पावसाबद्दल बोलते. त्याला बरं वाटतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस गं? कागद काढला असतास.”

मला राग आला. आधी आत्यांचा, मग सेमिसीचा, मग बाबांचा. शेवटी माझा स्वतःचा आला, तो अजून उतरलेला नाही. साऱ्या ओटाहुहूच्या पिंपांत नाक खुपसून लपवलेलं शोधणारी मी. माझ्याच घरचं सगळ्यात मोठं गुपित माझ्यापुढे दर आठवड्याला ‘नाही’ म्हणत होतं, आणि मी टिक मारून पुढे जात होते. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोल लावणार?

बरोबर दोन वाजता जहाज कंपनीचा माणूस आला. बारीक, नाकावर चष्मा, काखेत कागद लावलेली पाटी. त्यानं धुमसणारी बादली पाहिली, उघडं पिंप पाहिलं, आत्यांचा फॉर्म पाहिला. ग्रॅहमचा चेहरा पिंपासारखाच निळा पडला होता.

“ही बॅटरी या पिंपात होती?” त्यानं विचारलं.

“होय,” मी म्हटलं.

“फॉर्मवर तर ‘नाही’ आहे.”

“होय.”

त्यानं चष्मा वर सरकवला. “म्हणजे फॉर्म चुकलाय.”

अशी कुशाग्र माणसं आहेत म्हणून जहाजं तरंगतात. त्याला बादलीचं, धुराचं, आत्यांचं काहीच नव्हतं. फॉर्म दुरुस्त होऊन त्यापुढे सही झाली की त्याचं समाधान होणार होतं. मी आत्यांना पेन दिलं.

“मी खोटं बोलले असं लिहून देऊ?”

“नाही, आत्या. फक्त चौकोन बदलायचा.”

आत्यांनी भर आवारात, मान ताठ ठेवून, ‘नाही’वर काट मारली आणि ‘होय’वर टिक केली. कंपनीच्या इतिहासातलं हे पहिलं ‘होय’. त्या माणसानं पाटीवर लिहिलं: तपासणी यंत्रणा चोख आहे. वर म्हणाला, आधीची दोन वर्षं सगळेच फॉर्म निर्दोष होते, त्यामुळे मुख्य कार्यालयाला जरा संशय होता. “बाकीची पिंपं चारच्या आत उघडून झाली तर कंटेनर जाईल,” असंही म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

मला वाटलं, आता चाळीस भांडणं. पण बायकांनी धूर पाहिला होता. सगळ्यात आधी पाद्रीणबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं टेप फाडली, कोपरापर्यंत हात घातला आणि क्लोरीनची अख्खी बादली बाहेर काढली. “देवा, क्षमा कर,” म्हणाल्या, आणि लगेच शेजारणीच्या पिंपात डोकावल्या. मग एकीनं गॅसचे डबे काढले, एकीनं रंगाचं थिनर, एकीनं नातवंडांसाठी घेतलेले फटाके. चिटणीस बाईंच्या पिंपातून ब्लीचच्या चौदा बाटल्या निघाल्या. चौदा! त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सवलतीत होत्या.” आणि लाइटर तर इतके निघाले की सेमिसीनं ते घमेल्यात भरून ग्रॅहमच्या टेबलावर नेऊन ओतले. ग्रॅहम त्या ढिगाकडे बघत होता आणि प्रत्येक लाइटरवरून कंपनीचं नाव त्याच्याकडे बघत होतं.

चारला दहा कमी असताना कंटेनरचं दार लागलं. आत्यांचं पिंपही गेलं, बॅटरीशिवाय.

नवी बॅटरी पाठवता येते, कायद्यानं. चाचणीचा दाखला, खास खोका, ‘नववा वर्ग’ असं धोक्याच्या मालाचं स्टिकर, चार पानी घोषणापत्र आणि तीन दिवस आधी नोंदणी. ग्रॅहम म्हणाला, एका बॅटरीसाठी एवढा खटाटोप कंपनी आजवर करत आलेली नाही. मी म्हटलं, “ग्रॅहम, लाइटर.” त्यानं चारही पानांवर सही केली. पण पुढचं जहाज जानेवारीत. तोपर्यंत एकच मार्ग होता. बाबांनी रात्री हापाईतल्याच पांगाईच्या इस्पितळात जाऊन झोपायचं, तिथे जनरेटर आहे. सेमिसीनं तिथल्या नर्सशी बोलून खाटही राखून ठेवली. पण नर्स म्हणाली, म्हातारा येणार नाही. तीन वेळा बोलावलंय, दर वेळी म्हणतो, मला काही झालेलं नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी फोन लावला. आत्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. माझ्याशी बोलत नव्हत्या, पण माझ्या हातचं लू, म्हणजे अळूच्या पानांत शिजवलेलं मांस, जेवत होत्या.

“खोकला आहे का, बाबा?”

“नाही.”

“पाय सुजतो का?”

“नाही.”

“झोप मोडते का?”

“नाही.” त्यांच्या मागे एक बारीक घरघर ऐकू येत होती. इतके महिने मी ती फ्रिजची समजत होते.

“औषधं संपलीत?”

“नाही. काही पाठवू नकोस. तिकडे पाऊस आहे का?”

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी खाणं थांबवलं होतं.

“बाबा, झोप मोडते का?”

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बापाला एक प्रश्न दोनदा विचारला होता.

“मी आत्यांचं पिंप उघडलं,” मी म्हटलं.

“तिला उतरवलंस?” त्यांच्या आवाजात भीती होती, आणि थोडं कौतुकही.

“उतरवलं. रात्री वीज गेली की काय करता तुम्ही?”

“उठून बसतो,” बाबा म्हणाले. “भिंतीला टेकून. उजाडेपर्यंत.”

आत्यांनी हात पुढे केला; मला वाटलं फोन घेतील, पण त्यांनी माझा हातच धरून ठेवला. मी नाक पुसलं.

“बाबा, आज रात्रीपासून इस्पितळात झोपायला जाल? होय की नाही?”

“हुलिता...”

“दोनच चौकोन आहेत, बाबा.”

“होय,” बाबा म्हणाले. मग खोकला आला, तो त्यांनी या खेपेला लपवला नाही. “झालं तुझं समाधान? आता मलाही ते ‘तपासले’चं स्टिकर लावणार का?”

“लावणार,” मी म्हटलं. “आणि दर रविवारी झाकण काढून बघणार.”